पाणीखातं

"शरदातली पहिली कालवं! समोरच्या खडकांवरून आज सकाळीच काढलीत," म्हणत वेटरनं ताट ठेवलं. होणारे व्याही तुटून पडले. मुलीच्या बापानं मात्र पुढे केलेला हात मागे घेतला. त्या खडकांपाशीच अख्ख्या शहराची घाण समुद्रात सुटते, आणि आज सकाळची चावी त्यानंच सोडली होती.

बोटं चाटत व्याही म्हणाले, "काय चव आहे! तुम्ही पाणीखात्यात ना? इथल्या पाण्यात असं असतं तरी काय हो?"

लेकीनं टेबलाखालून बापाचा पाय दाबला. लग्न जुळावं म्हणून 'मैलापाणी खात्या'तला 'मैला' तिनं सांगताना खाल्ला होता.

बापानं सगळ्यात मोठं कालव उचललं, डोळे मिटून गिळलं.

"घ्या, संकोच करू नका. आपलंच आहे सगळं."