पळ की!

वीस किलोमीटर चालण्याच्या शर्यतीची शेवटची फेरी. माझ्यापुढे एकटीच उरली होती, जेमतेम दहा पावलांवर. दोघींच्याही नावावर दोन-दोन लाल कार्डं. आता क्षणभर जरी दोन्ही पाय एकदम जमिनीवरून सुटले, तर तिसरं कार्ड आणि शर्यतीतून बाहेर!

तेवढ्यात दोरीपलीकडून आमच्या हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंचा आवाज आला. बाई जन्मात पहिल्यांदाच असली शर्यत बघायला आल्या होत्या. "अगं, पळ! पळ की! बघतेस काय नुसती?"

पोटऱ्या पेटल्या होत्या. पायही म्हणत होते, ऐक बाईंचं. मी दातओठ खाऊन टाच टेकवत राहिले. आठ पावलं. पाच. दोन! पुढचीनं मागे वळून पाहिलं, बावरली आणि दोन ढांगा चक्क पळाली. तिसरं कार्ड! मुख्य पंचांनी तिच्यापुढे बाद झाल्याची लाल पाटी धरली. मी रेषा ओलांडली. पहिली!

मेट्रनबाई दोरीखालून धावतच आल्या, मला कडकडून मिठी मारली आणि लगेच नेहमीच्या आवाजात खडसावलं, "मी इथे घसा कोरडा करतेय, आणि तू पळाली का नाहीस गं?"

मला धाप आवरेना आणि हसूही.

"बाई, अकरा वर्षं कोण कानीकपाळी ओरडतंय, पेशंटची घंटा वाजली तरी वॉर्डात पळायचं नाही, झपाझप चालायचं म्हणून?"