एकशे बारा लावल्यावर

"एकशे बारा लावलं, की फोन माझ्या केबिनमध्ये वाजला पाहिजे," मॅनेजर राजशेखर म्हणाले. "आधी मी बघणार. मग बाहेर."

सिद्धेश्वरीने लॅपटॉपवरून मान वर केली नाही. केबिनच्या भिंतीवर वहीएवढा नवा डबा, फोनचा गेटवे, लुकलुकत होता. टॉवेलच्या या कारखान्यातले सगळे फोन आता त्याच्यातूनच बाहेर जाणार होते. गेल्या महिन्यात कुणी परक्याने इंटरनेटवरून जुन्या डब्यात शिरून दोन दिवस परदेशात फोन केले होते, म्हणून तिला बोलावलं होतं. सकाळपासून ती एकेक फट बुजवत होती. परदेशी कॉल बंद. अनोळखी ठिकाणाहून येणारी जोडणी बंद. तीनदा पासवर्ड चुकला की दार बंद. एकशे बाराची शेवटची ओळ तेवढी राहिली होती.

"ते थेट जाईल, साहेब. कोड न विचारता. बाहेरच्या लाइनसाठी आधी शून्य दाबलं तरी, नाही दाबलं तरी. घाबरलेल्या माणसाला शून्य आठवत नाही."

"मॅडम, गेल्या आठवड्यात एक बाई चक्कर येऊन पडली. कुणीतरी परस्पर ॲम्ब्युलन्स बोलावली. सायरन वाजवत आली की! फाटकात परदेशी गिऱ्हाईक उभं. लिंबूपाण्यानं उठली असती ती."

"उठली का?"

"दोन दिवस दवाखान्यात होती. तो विषय वेगळा."

"मग ही ओळ मी लिहिणार नाही. कुलूप चोरासाठी असतं, साहेब. पडलेल्या माणसासाठी नसतं."

राजशेखरांनी तिच्यासमोरच तिच्या कंपनीच्या मालकांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. श्रीशैलअण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

"सिद्धेश्वरी, साहेब म्हणतेत तसं कर की गं. कारखाना त्यांचा हाय."

तिने लॅपटॉप पुढे ओढला. मग ओळ लिहिली, सेव्ह केली आणि उठली.

"चला."

"कुठं?"

"खाली, चाचणीला. काम देणाऱ्यासमोर चाचणी केल्याशिवाय काम झाल्याच्या कागदावर सही घ्यायची नाही, ही अण्णांचीच पद्धत आहे."

राजशेखरांनी सवयीने केबिनला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. दोघं जिना उतरून मागांच्या हॉलमध्ये आली. कामगारांचे मोबाइल फाटकावरच्या पेटीत जमा असत. आत सत्तर माणसं, आणि खांबावर हा एक फोन.

खांबाजवळच्या मागावर वळसंग गावची गोजरबाई होती. सिद्धेश्वरीने तिच्या कानाशी ओरडून विचारलं, "मावशी, हा फोन लावता येतो का?"

"न येऊन काय झालं? मागल्या आठवड्यात मीच लावला व्हता की. निंगव्वा पडली तवा." तिने हे साहेबांकडे बघत सांगितलं.

राजशेखरांनी नजर मागाकडे वळवली.

"आत्ता पुन्हा लावा. एकशे बारा," सिद्धेश्वरी म्हणाली.

"आन् गाडी आली म्हंजी?"

"येत नाही. खुशाल लावा. आता फोन बाहेर जातच नाही."

गोजरबाईने हात पदराला पुसले, तीन आकडे दाबले आणि दुसऱ्या कानात बोट घातलं. तिला फोनशी बघून शेजारचा माग थांबला. मग पलीकडचा. "कोण पडलं?" लांबून कुणीतरी ओरडलं. उत्तर आलं नाही, तशी ती सगळी रांग थांबली, मग समोरची. खडखडाट विरत विरत हॉल गप्प झाला.

तेव्हा वरच्या मजल्यावरून, बंद दाराआडून, घंटी ऐकू आली. सगळ्यांना ऐकू आली. सत्तर माना वर वळल्या आणि मग खाली, मॅनेजरांकडे.

राजशेखरांचा हात खिशातल्या किल्लीवर गेला.

"बस झालं. ठेवा तो फोन," ते म्हणाले.

गोजरबाईने रिसीव्हर कानापासून हलवला नाही.

"वाजतंय की, सायेब," ती म्हणाली. "उचला की."