बारावा पाय

प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात. यंदा बारावा मी होतो. बाकीचे अकरा घरूनच साबणाने घासून आले होते. मी केळीच्या वाडीतून तसाच आलो, चिखलाच्या पायांनी.

"पाय तरी धुवायचे," बायको पुटपुटली.

"मग फादर काय धुणार? प्रभू देव होता म्हणता. देव कुणाचे पाय धरतो होय? आज कळेलच."

फादर माझ्यापुढे गुडघे टेकून थांबले. आता सापडले फादर, मी मनात म्हटलं. पण ते बोटांच्या बेचक्यांतला चिखल अंगठ्याने काढू लागले. पाणी गढूळ झालं, तसं दुसरं मागवलं. पाय पुसला आणि चुंबन घ्यायला वाकले.

मी पाय ओढून घेतला. मलाच सोसेना.

फादरनी हात तसाच पुढे ठेवला.

"इनासकाका, दुसरा पाय राहिलाय."