पुढल्या वर्षीची घरं

एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या सर्व्हेत दरवर्षी तीच निवडलेली घरं गाठायची, म्हणजे वर्षभरात काय बदललं ते कळतं. माधव नगरातल्या अहल्याकाकूंकडे मुक्ता यंदा शेवटचीच आली होती. काही वर्षांनी ही निवड बदलते; पुढल्या वर्षी नमुना नवा, घरं नवी. हे काकूंना सांगायचं कसं, म्हणून ती नुसतीच टॅबवर बोट फिरवत बसली.

काकूंनी भरपूर शेव घातलेले पोहे तिच्यापुढे ठेवले. "आरामात विचार बेटा, कसली जल्दी आहे?"

"काकू, मागच्या वर्षी मी येऊन गेले ना, त्यानंतर तुमच्याकडे कोण कोण आलं?"

काकूंनी बराच वेळ आठवून पाहिलं. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.


"आलं की! आज तू आलीस."