टपालवाल्या बाईंचा फर्मा

हातोडी थांबून चार मिनिटं झाली होती. थोरल्याने ती भिंतीवरच्या घड्याळात मोजली. चाळीस वर्षं कोपराला कोपर लावून बूट बनवणाऱ्या या दोघा भावांना शांतता नवी नव्हती. परंतु ही शांतता भिजत घातलेल्या चामड्यासारखी होती, जड, आणि कुठून कापावी ते न कळणारी.

"बोल काहीतरी," थोरला म्हणाला.

"बाई होणार म्हणतोस."

"होणार नाही. आहे. शरीर तेवढं मागे राहिलंय."

"एकसष्टाव्या वर्षी."

"डॉक्टर म्हणाले, हृदय आत्ता भूल सोसेल. दोन-तीन वर्षांनी सांगता येणार नाही. आज पाचपर्यंत फोन करून होय म्हणायचं, नाहीतर शस्त्रक्रियेची तारीख दुसऱ्या कुणाला देतील."

धाकट्याने पाठ फिरवली. चामड्याचा एक लहानसा तुकडा घेऊन तो रापीने त्याच्या कडा तासू लागला.

"म्हणजे दोन वर्षं घेतोयस त्या गोळ्या रक्तदाबाच्या नव्हत्या."

"एक होती."

"चला, एकीबाबत तरी खरं बोललास."

थोरल्याने आरडाओरडा गृहीत धरला होता. शब्दांची सारी जुळवाजुळव त्यासाठीच केलेली होती. वडील गेले तेव्हा धाकटा अकरा वर्षांचा होता. त्याच्या हातात पहिली आरी थोरल्याने दिली, पहिली जखमही थोरल्यानेच बांधली. पत्नीला जाऊन सहा वर्षं झाली होती. परगावी राहणारी मुलगी फोनवर पुष्कळ रडली, आणि रडून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "काकाला सांगितलंत का?"

आज सांगितलं होतं. एक गोष्ट सोडून.

कारखान्याच्या फळ्यांवर गिऱ्हाइकांचे फर्मे ओळीने मांडलेले होते, प्रत्येकाच्या पायाची लाकडी प्रतिकृती. गिऱ्हाईक म्हातारं होई तसा पाय बदले. मग नवं माप घेऊन फर्म्यावर चामड्याचे तुकडे चढवावे लागत. त्यातला एक जोड टपालवाल्या बाईंचा होता. त्या बाई कुणी पाहिल्या नव्हत्या, कारण त्या नव्हत्याच. एकोणीस वर्षांपूर्वी थोरल्याने डाव्या हाताने चिठ्ठी लिहून टपालात टाकली: पाय फार मोठे असल्याने मला कुठे टाचेचे बूट मिळत नाहीत, सोबत मापं पाठवते. तेव्हापासून दर वर्षी एक चिठ्ठी येई, त्याच अक्षरातली, त्याच मापांची. बायकांचे बूट धाकटा बनवी. पार्सल पाठवण्याचं काम थोरल्याचं, आणि ते पार्सल वरच्या खोलीतल्या कपाटापलीकडे कधी गेलं नाही.

दुपारी दार लावून तो ते बूट घाली आणि कपाटापासून खिडकीपर्यंत आठ पावलं चाले. तेवढ्या वेळात खाली धाकट्याचं शिलाईयंत्र हमखास धडधडत असे, त्यामुळे टाचांचा आवाज त्याच्या कानी जाण्याची भीती नव्हती. वयाबरोबर त्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढत चाललं होतं. बाकीचे सगळे बूट चावत, हे मात्र कधीच नाही. चामडंच मऊ असावं, असं त्याला वाटे.

"या वर्षी टपालवाल्या बाईंची चिठ्ठी नाही आली," चामडं चिकटवायच्या सोल्युशनच्या डब्याचं झाकण उघडत धाकटा म्हणाला.

थोरल्याने फळ्यांवरची नजर काढून घेतली. "वय झालं असेल. नको असतील आता."

"काय धिप्पाड बाई असेल रे दादा! जिना चढली की धाप जिन्याला लागत असेल."

ही थट्टा एकोणीस वर्षं जुनी होती. थोरला दर वेळेप्रमाणे कसनुसा हसला.

"विषय बदलू नकोस."

"नाही बदलत. किती महिने बसता येणार नाही?"

"दोन. कदाचित तीन."

"आणि गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"गिऱ्हाइकाचं सोड. तू काय म्हणतोस?"

"चाळीस वर्षं विचारलं नाहीस. आता मीच बरा सापडलो खापर फोडायला!"

"खापर नाही, बारक्या. तू नको म्हणालास, तर मी फोन करणार नाही. एवढी वर्षं काढली, उरलेलीही काढीन. तुझ्या शेजारी बसून तुला परकं वाटावं, असं जगणं मला नको."

धाकटा वळला नाही. त्याचे खांदे हलत होते. तो काही दाबून बसवत होता की स्वतःला आवरत होता, ते पाठीवरून समजत नव्हतं.

पाचला दहा मिनिटं उरली. थोरल्याने फोन उचलला आणि परत ठेवला. खिडकीतून आलेली उन्हाची तिरीप बाकावरून सरकत सरकत त्याच्या मांडीवरच्या हातांपर्यंत आली. म्हातारे, रुंद, ओळखीचे हात. राहू द्यावं, असं त्याने मनाशी ठरवत आणलं.

तेवढ्यात धाकट्याने एप्रन सोडून खुंटीला अडकवला. हातातली वस्तू त्याने फोनशेजारी ठेवली आणि चपला पायात सरकवल्या.

"अरे, हो की नाही? तेवढं तरी सांगून जा!"

धाकटा दार ओढून घेऊन रस्त्याला लागला.

थोरल्याने ती वस्तू उचलली. टपालवाल्या बाईंचा डाव्या पायाचा फर्मा. अंगठ्याच्या मुळाशी चामड्याचे पातळ तुकडे एकावर एक चढलेले, आणि प्रत्येकाच्या कडेला धाकट्याच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं साल. चिठ्ठ्यांतलं माप एकोणीस वर्षांत एकदाही बदललेलं नव्हतं.

सगळ्यांत वरच्या तुकड्यावर या वर्षाचं साल होतं. त्याखालचं सोल्युशन अजून ओलं होतं.