मागचं उत्तर

थोरल्या नातीचा जन्म झाला त्या वर्षी आमच्या ह्यांनी माडीला नवा लाकडी जिना केला. हे सुतार, गिऱ्हाइकं घरचं काम बघूनच बाहेरचं काम द्यायची. पण पायऱ्या निघाल्या चांगल्याच बुटक्या. बाळाला बघायला आलेले व्याही हसले, "काय हो, मांजरीसाठी केलात की काय जिना?"

हे म्हणाले, "धाकट्या लेकाच्या कॅल्क्युलेटरवर मागचं उत्तर पुन्हा घ्यायचं एक बटण आहे. पायरीची उंची काढताना चुकून तेच दाबलं गेलं. उत्तर दुसऱ्याच कामाचं होतं."

गावभर हसं झालं आणि हातातली दोन कामं गेली. मी तणतणले, "इतकी वर्षं टेपवर भागलं, आता कशाला हवीत ही यंत्रं?" पण ह्यांनी काही ते सोडलं नाही. त्याच बटणापायी पुढे न्हाणीतलं स्टूल उंच झालं, स्वयंपाकघरातलं खालचं फळकूट वर गेलं.

"अहो, उपटून टाका ना ते बटण!"

"बघतो," म्हणायचे, आणि मिशीत हसायचे.

परवा लेकीच्या नव्या घरी जिना चढायला गेले आणि चौथ्याच पायरीवर मटकन बसले. लेक धावत आली. "आई, गुडघे कधीपासून दुखतायत तुझे? इतक्या वर्षांत कधी बोलली नाहीस!"



बोलले तर मी ह्यांच्याजवळही नव्हते. तरी ह्यांना कळलं होतं, आणि हे गेल्या हिवाळ्यात गेले.