अर्जंट पाकीट

भिंगरी कार्यालयाच्या दारात उभी होती आणि तिच्या हातात पाकीट नव्हतं.

कारकुनानं मान वर करून पाहिलं. एरवी ही चौथीतली मुलगी दारातून आत येत नसे, येऊन आदळत असे. "काका, अर्जंट!" ही आरोळी तिच्याआधी दोन पावलं पोचायची. सगळी शाळा तिला भिंगरी म्हणायची ते काही उगाच नाही. आज मात्र ती उंबऱ्याबाहेरच थांबली होती. स्कर्टचे दोन्ही खिसे उलटे होऊन लोंबत होते, गुडघे मातीनं माखले होते.

"हरवलं," ती म्हणाली.

"काय हरवलं?"

"बाईंचं पाकीट. मी घट्ट धरलं होतं हो काका! जिन्याखाली मांजरीची पिल्लं दिसली. एकच मिनिट बघितली. मग हातात नव्हतंच. सगळीकडे शोधलं, दोनदा."

कारकुनाला हसू येता येता राहिलं. पाकिटात काय होतं हे त्याला न उघडताच ठाऊक होतं. घडी घातलेला एक कोरा कागद. गेल्या वर्षी शाळेत एक समुपदेशक येऊन गेल्या होत्या. एडीएचडी असलेल्या, म्हणजे लक्ष एका जागी न ठरणाऱ्या मुलांना दिवसभर 'थांब', 'गप्प बस', 'पुन्हा हरवलंस?' एवढंच ऐकावं लागतं, त्यांच्यावर जबाबदारी टाका, आपणही कामाचे आहोत असं त्यांना वाटू द्या, असं त्यांनी कळकळीनं सांगितलं. चौथीच्या बाईंनी ते मनावर घेतलं, आपल्या सोयीनं. भिंगरीची चुळबुळ असह्य झाली की त्या कोरा कागद पाकिटात घालत, डिंकानं नीट चिकटवत आणि म्हणत, "अर्जंट आहे. तुझ्याशिवाय कुणावर भरवसा नाही माझा." पाकीट पोचलं की तिला वीसेक मिनिटं अडकवून ठेवायचं, असं कारकुनाशी ठरलेलं.

तोही काही कमी नव्हता. चष्मा लावून पाकिटावर वेळ टाकायचा, "बरं झालं वेळेवर आणलंस," म्हणायचा. ती गेली की कोरे कागद कच्च्या कामाला घ्यायचा. वर्षभर त्याला वेगळे कागद मागवावे लागले नव्हते.

आज तर तपासणीचे साहेब चौथीच्याच वर्गात बसले होते. पाकीट निघणारच होतं.

"बाई आता मला कधीच पाठवणार नाहीत," भिंगरीला हुंदका आवरेना. "मी डबा विसरते, वह्या हरवते, बेरजा अर्ध्यात सोडते. सगळे मला वेंधळी म्हणतात. पण पाकीट मी एकदापण हरवलं नव्हतं. आईला विचारा!"

आईला काय विचारणार! मागच्या पालकसभेला ती याच टेबलासमोर बसून सांगून गेली होती, की पोरगी हल्ली सकाळी स्वतःहून उठते, केस नीट विंचरते आणि शाळेत आपल्याकडे मोठं काम आहे म्हणते. सांगताना आईचे डोळे भरून आले होते.

"त्यात खूप महत्त्वाचं होतं का हो, काका? साहेब आलेत म्हणून? बाईंची नोकरी जाईल?"

कारकून मनानं वाईट नव्हता, तेच नडलं. त्याला तिचं रडणं बघवेना. 'मी बघतो', 'सापडेल', 'शिपायानं आणून दिलं', काहीही सांगता आलं असतं. ड्रॉवरमध्ये तिनंच आणलेल्या, अजून न फोडलेल्या पाकिटांची चळत होती, त्यातलं एक दाखवलं असतं तरी भागलं असतं. पण त्याला सुचलं ते खरं, कारण त्यात डोकं चालवावं लागत नव्हतं.

"अगं वेडाबाई, रडतेस कशाला? काही नव्हतं त्यात. कोरा कागद होता."

रडणं एकदम थांबलं. कारकुनाचा जीव भांड्यात पडला.

"कोरा?"

"कोरा. शप्पथ. कुणी रागावणार नाही तुला."

तिनं बाहीला नाक पुसलं. एका ओळीवर ठरत नाही अशी जिच्याबद्दल तक्रार होती ती तिची नजर आता कारकुनाच्या चेहऱ्यावरून हलेना.

"आणि कालचं?"

कारकुनानं टेबलावरचे कागद उगाच सारखे केले.

"मी पडले होते, गुडघा फुटला होता, तरी आणलं होतं, ते?"

"पाणी पितेस का?" त्यानं विचारलं.

भिंगरीनं नकारार्थी मान हलवली. खिसे आत नीट कोंबले, एकेक पाऊल टाकत आत आली आणि भिंतीकडेच्या खुर्चीवर बसली. हात मांडीवर. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते, पण हलतही नव्हते. कारकुनानं गोष्ट सांगू का म्हणून विचारलं, शिक्के खेळायला देऊ केले. "नको, काका," ती म्हणाली, अगदी मोठ्या माणसासारखी. कारकुनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तास संपल्यावर चौथीच्या बाई फुललेल्या चेहऱ्यानं आल्या.

"साहेब जाम खूश! म्हणाले, एवढा शांत वर्ग कुठे पाहिला नाही." मग त्यांचं लक्ष खुर्चीकडे गेलं. "अगं बाई! ही आपलीच का? केव्हापासून बसलीय अशी?"

"झाला अर्धा तास," कारकून पुटपुटला.

"अर्धा तास! हिच्या डॉक्टरांना कळवायलाच हवं." बाईंना खराखुरा आनंद झाला होता. "काय केलंत तरी काय? आम्हालाही सांगा की!"

कारकून शिक्के पुन्हा डब्यात भरू लागला.

"त्यांनी काही नाही केलं, बाई," भिंगरी म्हणाली. "मला आता कुठं जायचंच नाहीये."